वेल्डची तपासणी: शंभर टक्के रेडिओग्राफी, यूटी की दोन्ही?

मकरपुरा_शॉप (धागाकर्ता)

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमचे प्रेशर व्हेसलचे (दाबाखाली चालणाऱ्या टाक्यांचे) छोटे शॉप आहे. सध्या नंदेसरीच्या एका ग्राहकाची दोन कामे हातात आहेत. पहिले व्हेसल एसए ५१६ ग्रेड ७० या कार्बन स्टीलचे आहे. आतला व्यास १५०० मिमी, शेलची जाडी ३६ मिमी, जोड डबल-व्ही (प्लेटच्या दोन्ही तोंडांना व्ही आकाराची खाच). दुसरे एसएस ३१६एलचे जॅकेटवाले (बाहेरून स्टीमचे आवरण असलेले) रिअ‍ॅक्टर आहे आणि त्याच्या आतल्या शेलची जाडी १० मिमी आहे. ग्राहकाच्या स्पेसिफिकेशनमध्ये तपासणीबद्दल एकच ओळ आहे: सर्व वेल्डची १०० टक्के रेडिओग्राफी (एक्स-रे किंवा गॅमा किरणांनी फिल्मवर चित्र काढणे) करावी.

आमची अडचण अशी की दोन्ही व्हेसलना सेट-इन नोझल (शेलला भोक पाडून बसवलेल्या नळ्या) आहेत आणि रेडिओग्राफीची एजन्सी म्हणते की नोझलच्या जोडाची फिल्म काढून उपयोग नाही. शिवाय आमच्या दोन्ही बाजूंच्या शेडमध्ये रात्रपाळी चालते, त्यामुळे किरणोत्सर्गी सोर्स उघडायला वेळच मिळत नाही. एका परिचितांनी फेज्ड अ‍ॅरे यूटी (अल्ट्रासॉनिक, म्हणजे ध्वनिलहरींची तपासणी) सुचवले आहे. ग्राहकाला लेखी उत्तर द्यायचे आहे, म्हणून प्रत्येक पद्धत नेमके काय पकडते आणि काय सोडते ते जाणकारांनी सांगावे, ही विनंती.

फिल्मवाचक

ती ओळ लिहिणाऱ्याने ड्रॉइंग समोर ठेवलेले दिसत नाही. रेडिओग्राफीसाठी जोडाच्या एका बाजूला सोर्स आणि दुसऱ्या बाजूला, वेल्डला टेकून, फिल्म ठेवता आली पाहिजे. बट जोडाला (दोन प्लेटा कडेला कड लावून केलेल्या) ते जमते. सेट-इन नोझलच्या कॉर्नर जोडाला किंवा फिलेटला (कोपऱ्यात भरलेल्या वेल्डला) फिल्म नीट टेकत नाही, किरणांच्या वाटेतली जाडी जागोजागी बदलते, आणि अशा फिल्मवरून निर्णय देणे कोणत्याही प्रामाणिक इंटरप्रिटरला जड जाते. एजन्सीचे म्हणणे बरोबर आहे. ‘सर्व वेल्ड’ ऐवजी ‘सर्व बट वेल्ड’ एवढी दुरुस्ती आधी करून घ्या.

आपले ३६ मिमीचे व्हेसल रेडिओग्राफीला सोयीचे आहे. इरिडियम-१९२ सोर्स पोलादात साधारण २० मिमीपासून पुढे चांगले काम देतो. सर्क सीमसाठी (शेलभोवतीच्या गोल जोडासाठी) सोर्स व्हेसलच्या मध्यावर टांगून बाहेरून सगळीकडे फिल्म गुंडाळली, तर एका एक्स्पोजरमध्ये पूर्ण सीम होते. सोर्सचा आकार ३ मिमी, सोर्सपासून जोडापर्यंत ७५० मिमी आणि जोडाची जाडी ३६ मिमी धरली, तर भौमितिक अस्पष्टता (फिल्मवरच्या कडांचा धूसरपणा) सुमारे ०.१४ मिमी येते. या जाडीसाठी कोड (अमेरिकन एएसएमईचा प्रेशर व्हेसलचा नियमसंग्रह) सुचवतो ती मर्यादा ०.५१ मिमी आहे. फिल्मची डेन्सिटी (काळेपणा) २.० ते ४.० मध्ये असावी आणि आयक्यूआयची (फिल्मचा दर्जा तपासायच्या तारांच्या पट्टीची) ठरलेली तार स्पष्ट दिसावी. एजन्सीला सोर्सचे वय मात्र जरूर विचारा. इरिडियमचे अर्धायुष्य सुमारे ७४ दिवसांचे आहे. सोर्स जुना झाला की एक्स्पोजर लांबतो, आणि रात्रीच्या मोजक्या तासांत काम उरकण्याच्या घाईत फिल्म फिकी येते.

१० मिमीच्या स्टेनलेसला इरिडियम लावू देऊ नका. एवढ्या पातळ जोडात त्याची ऊर्जा जास्त पडते, कॉन्ट्रास्ट मरतो आणि फिल्म स्वच्छ दिसली तरी बारीक दोष त्यात बुडालेले असतात. तिथे एक्स-रे ट्यूब उत्तम, नाहीतर सेलेनियम-७५. त्याचे अर्धायुष्यही सुमारे १२० दिवसांचे आहे.

साठ_अंशी_प्रोब

फिल्मवाचक सरांनी सांगितलेले सगळे मान्य आहे, पण ३६ मिमीच्या डबल-व्ही जोडात फिल्म जे सोडते त्याबद्दल लिहायला हवे.

फिल्मवर दोष उमटतो तो किरणांच्या वाटेतला धातू कमी झाल्यामुळे. पोरोसिटी, स्लॅग, अपुरे पेनिट्रेशन यांना आकारमान असते, म्हणून ते दिसतात. साइडवॉलला (जोडाच्या भिंतीला) फ्युजन न होणे (वेल्ड न चिकटणे) हा दोष कागदाइतका पातळ असतो आणि बेव्हलच्या (प्लेटच्या तिरप्या कापलेल्या कडेच्या) पृष्ठभागावरच पसरलेला असतो. आपल्या जोडाचा कोन एकूण ६० अंश असेल, तर ती पातळ फट सरळ येणाऱ्या किरणांशी ३० अंशांनी कललेली असते. किरण तिला तिरके छेदून निघून जातात आणि फिल्मवर जवळपास काहीच उरत नाही. क्रॅकचेही तसेच: तो किरणांच्या दिशेत उभा असला तर रेघ दिसते, तिरका असला तर नशिबाचा भाग.

यूटीचे गणित याच्या उलट आहे. ध्वनिलहर त्या पृष्ठभागावर लंबरूप आदळली की प्रतिध्वनी जोरात परततो. ३० अंशांच्या बेव्हलला ६० अंशांचा प्रोब बरोबर लंब पडतो. खालच्या व्हीच्या भिंतीवर लहर थेट पडते आणि वरच्या व्हीच्या भिंतीवर ती तळाला आपटून परत वर येताना पडते. ३६ मिमी जाडीला ६० अंशांची अर्धी उडी (लहर तळाला पोहोचेपर्यंतचे आडवे अंतर) सुमारे ६२ मिमी आणि पूर्ण उडी सुमारे १२५ मिमी होते. म्हणजे वेल्डच्या दोन्ही बाजूंना निदान तेवढी पट्टी स्पॅटर (उडालेले धातूचे थेंब) खरवडून, रंगाचे पापुद्रे काढून गुळगुळीत करून द्यावी लागते. शॉपवाले नेमके हेच करत नाहीत आणि मग ऑपरेटर मधल्या ४० मिमीत प्रोब घासून रिपोर्ट लिहितो. ४ मेगाहर्ट्झच्या ट्रान्सव्हर्स लहरीची पोलादातली लांबी साधारण ०.८ मिमी असते. त्यामुळे प्रोबखाली कपलंटचा (ध्वनी आत नेणाऱ्या द्रवाचा) थर तुटला किंवा स्पॅटरचा दाणा आला, की स्क्रीनवरची पूर्ण सपाट रेघ ‘दोष नाही’ असे सांगत नाही, ‘लहर आतच गेली नाही’ असे सांगते.

आता कोडकडे पाहा. एएसएमई सेक्शन ८ डिव्हिजन १ च्या यूडब्ल्यू-५१ नुसार १९ ते ५७ मिमी जाडीत लांबट स्लॅग जाडीच्या एक तृतीयांशापर्यंत चालतो. ३६ मिमीला म्हणजे १२ मिमीपर्यंत. क्रॅक, फ्युजनचा अभाव आणि अपुरे पेनिट्रेशन मात्र कितीही लहान असले तरी नामंजूर. फिल्मला जे सर्वांत चांगले दिसते त्यातले बरेचसे कोड माफ करतो, आणि ज्याला कोड अजिबात माफ करत नाही त्यातले बरेचसे फिल्मला धड दिसत नाही. ग्राहकाला लिहिताना हा मुद्दा पहिल्या परिच्छेदात घ्या.

कलाभवन_विद्यार्थी

साठ_अंशी_प्रोब सर, मी येथे टेक्नॉलॉजी फॅकल्टीत शिकतो. दोन प्रश्न आहेत. असे असेल तर रेडिओग्राफी बंद करून फक्त यूटी का करत नाहीत? आणि टीओएफडी (टाइम ऑफ फ्लाइट डिफ्रॅक्शन, यूटीचीच एक पद्धत) त्यात नेमके कुठे बसते?

साठ_अंशी_प्रोब

साध्या हाताने केलेल्या यूटीत नोंद राहत नाही, हे पहिले कारण. ऑपरेटरने पडद्यावर काय पाहिले ते त्याच्या शब्दावर मानावे लागते. म्हणून कोडने रेडिओग्राफीच्या जागी यूटीला परवानगी दिली तेव्हा, आधी कोड केस २२३५ द्वारे आणि पुढे कोडच्या मजकुरातच, अशी अट घातली की मोजमाप संगणकावर साठवले गेले पाहिजे आणि त्या जाडीच्या, मुद्दाम दोष घातलेल्या ब्लॉकवर आपली प्रोसिजर सिद्ध करून दाखवली पाहिजे. एन्कोडर (प्रोबची जागा नोंदवणारे यंत्र) लावलेल्या फेज्ड अ‍ॅरेने ही अट पूर्ण होते. त्यात एकाच प्रोबमधले अनेक छोटे घटक क्रमाने थोड्या थोड्या वेळाच्या अंतराने उडवले जातात आणि लहर ४० ते ७० अंशांमध्ये हवी तशी फिरवता येते.

टीओएफडी ही पद्धत १९७० च्या दशकात ब्रिटनमधल्या हार्वेल येथे विकसित झाली. वेल्डच्या दोन बाजूंना दोन प्रोब ठेवतात आणि परतलेल्या लहरीची ताकद न पाहता दोषाच्या टोकांवरून विखुरलेल्या लहरीला पोहोचायला लागलेला वेळ मोजतात. म्हणून दोष कसा कलला आहे याने फारसा फरक पडत नाही आणि त्याची उंची मिलिमीटरमध्ये मिळते. मात्र वरच्या पृष्ठभागाखालचे काही मिलिमीटर आणि अगदी तळ तिला अंध असतात. ३६ मिमीला टीओएफडी आणि फेज्ड अ‍ॅरे जोडीने लावणे चांगले. पातळ प्लेटमध्ये तो अंध पट्टा जाडीचा मोठा वाटा खातो.

दुसरे कारण धातूचे. ३१६एलचा वेल्ड थिजताना त्यात लांब, जाड स्फटिक उभे वाढतात आणि वेगवेगळ्या दिशांना ध्वनीचा वेग वेगळा होतो. लहर वाकते, विखुरते आणि पडद्यावर गवत (निरर्थक रेघांचा गोंधळ) उगवते. लाँगिट्युडिनल लहरीचे कोनीय प्रोब वापरून मार्ग काढता येतो, पण १० मिमीच्या रिअ‍ॅक्टरसाठी तो खटाटोप मी सुचवणार नाही. तिथे फिल्मच बरी.

फिल्मवाचक

मी हट्टाने फिल्मचा पक्ष घेत नाही, पण एक गोष्ट नोंदवतो. फिल्म पाच वर्षांनी तिसऱ्या माणसाच्या हातात दिली तरी तो तिच्याशी भांडू शकतो. कॅपवरच्या (वेल्डच्या सर्वांत वरच्या थरावरच्या) लहरी, ग्राइंडरचे ओरखडे, कडेचा अंडरकट, हे सारे तिच्यावर बोटांच्या ठशासारखे उमटलेले असते. एका शॉपमध्ये चार जोडांच्या नावाने एकाच जोडाच्या फिल्म लावलेल्या मी पकडल्या, त्या कॅपच्या लहरी जुळल्यामुळेच. हाताच्या यूटीत अशी चोरी कशी पकडणार? एन्कोडरच्या नोंदीबद्दल मात्र माझी तक्रार नाही.

डिझाइन_डेस्क

आतापर्यंत कोणी विचारले नाही, म्हणून विचारतो: रेडिओग्राफी कशासाठी हवी आहे? टाइप १ (दोन्ही बाजूंनी पूर्ण वेल्ड केलेल्या) बट जोडाला पूर्ण रेडिओग्राफी केली तर जॉइंट एफिशियन्सी (जोड प्लेटच्या किती ताकदीचा धरायचा तो आकडा) १.० धरता येते, स्पॉट (ठरावीक जागीच) केली तर ०.८५ आणि अजिबात केली नाही तर ०.७०. ही संख्या जाडीच्या सूत्रात भाजकात बसते, म्हणून तपासणी कमी केली की प्लेट जाड होते.

आपल्या पहिल्या व्हेसलमध्ये हा पर्यायच नाही. या स्टीलला ३२ मिमीच्या वर कोड पूर्ण रेडिओग्राफी सक्तीची करतो, तेव्हा ती किंवा तिच्या जागी मान्य असलेले नोंदीचे यूटी करावेच लागेल. रिअ‍ॅक्टरची गोष्ट वेगळी आहे. समजा आत ६ बार दाब आहे, म्हणजे ०.६ मेगापास्कल; त्रिज्या ७५० मिमी आणि ३१६एलचा मान्य ताण ११५ मेगापास्कल धरला, तर एफिशियन्सी १.० ला सुमारे ३.९ मिमी, ०.८५ ला ४.६ मिमी आणि ०.७० ला ५.६ मिमी जाडी पुरते. मग प्लेट १० मिमीची का? कारण जॅकेटचा दाब आतल्या शेलला बाहेरून दाबतो आणि शेल आत चेपले जाण्याची भीती जाडी ठरवते. बाहेरच्या दाबाच्या हिशेबात जॉइंट एफिशियन्सी येतच नाही. आतले रसायन लीथल सर्व्हिसमध्ये (अगदी थोडेही प्राणघातक असणाऱ्या रसायनांच्या वापरात) मोडत असेल तर बट वेल्डची पूर्ण रेडिओग्राफी कोडनेच सक्तीची केली आहे; ते ग्राहकाकडून लेखी घ्या. मोडत नसेल, तर कागदावर स्पॉट पुरेल.

तरीही माझे मत विचाराल तर जॅकेटखाली जाणाऱ्या प्रत्येक सीमची पूर्ण फिल्म काढा. जॅकेट चढले की बाहेरून त्या सीमला पुन्हा हात लागत नाही, आणि गळती झाली तर स्टीम आणि रसायन एकत्र येणार.

आरएसओ_वडोदरा

सोर्सबद्दल आकड्यात लिहितो. २० क्युरीचा इरिडियम सोर्स कोलिमेटर (किरण एकाच दिशेला सोडणारे आवरण) न लावता उघडा ठेवला, तर एक मीटरवर तासाला सुमारे १०० मिलिसीव्हर्ट मात्रा मिळते. अंतराच्या वर्गाने ती घटते, म्हणून १०० मीटरवर तासाला सुमारे १० मायक्रोसीव्हर्ट उरते. सर्वसामान्य माणसासाठी वर्षाची मर्यादा १ मिलिसीव्हर्ट आहे. जीआयडीसीतल्या सामाईक भिंतीच्या शेडमध्ये शेजारचा वेल्डर दहा मीटरवर बसलेला असतो आणि पत्र्याची भिंत गॅमाला काहीच अडवत नाही. कोलिमेटर, दिशा, कमी वेळ आणि कॉर्डन (माणसांना दूर ठेवणारे कुंपण) यांनी मात्रा पुष्कळ खाली आणता येते, पण शेजारी रात्रपाळी चालू असताना कॉर्डन टाकायचा कुठे? त्यापेक्षा एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) मान्यता असलेल्या बंदिस्त एन्क्लोजरमध्ये जॉब नेणे बरे. रिअ‍ॅक्टरचे शेल सुटे असताना ट्रकवर सहज जाते. जड व्हेसलसाठी फेज्ड अ‍ॅरे निवडलेत तर सोर्सचा प्रश्नच मिटतो आणि शॉपमधले काम दिवसाही थांबत नाही. ग्राहकाला हे कारणही सांगा.

मकरपुरा_शॉप

सर्वांचे मनापासून आभार. आता नोझल आणि फिलेट राहिले. स्टेनलेसला डीपी (रंग चिरेत शिरवून पाहण्याची तपासणी) करतो, पण मे महिन्यात इन्स्पेक्टरने ते नाकारले. कार्बन स्टीललाही डीपीच चालेल का?

जुना_इन्स्पेक्टर

कार्बन स्टीलला डीपी चालते, पण एमटी (चुंबकीय कणांची तपासणी) अधिक चांगले. डीपीत रंग चिरेत शिरण्यासाठी तिचे तोंड उघडे आणि स्वच्छ लागते. चिरेत स्लॅग किंवा मळ अडकला असेल तर रंगाला वाट मिळत नाही. चुंबकीय क्षेत्राची गळती मात्र तरीही होते आणि कण तिथे जमतात. एसी योक (हातात धरायचा विद्युतचुंबक) वापरा, पृष्ठभागावरच्या चिरेला तो जास्त संवेदनशील असतो. सर्वांत मोठ्या पोल अंतरावर त्याने ४.५ किलो वजन उचलून दाखवले पाहिजे. प्रत्येक जागा दोन परस्परलंब दिशांनी तपासा, कारण क्षेत्राला समांतर असलेली चीर दिसत नाही. ३१६एल चुंबकीय नाही, तिथे डीपीला पर्याय नाही.

मे महिन्यातला नकार योग्यच असावा. नेहमीच्या डीपी प्रोसिजरची तापमान मर्यादा ५ ते ५२ अंश सेल्सिअस असते. आपल्याकडे दुपारी हवाच बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर जाते, आणि उन्हात पडलेल्या शेलला हात लावून पाहा. पेनेट्रंट (तो रंग) चिरेत शिरण्याआधीच पृष्ठभागावर सुकतो आणि मग डेव्हलपरवर (रंग वर ओढणाऱ्या पांढऱ्या भुकटीवर) काहीच उमटत नाही. पहाटे करा किंवा सावलीत घ्या, आणि पृष्ठभागाचे तापमान मोजून रिपोर्टात लिहा. पेनेट्रंट निदान ५ मिनिटे राहू द्या. जास्तीचा रंग सॉल्व्हेंटने भिजवलेल्या कापडाने पुसा. सॉल्व्हेंटचा फवारा थेट वेल्डवर मारला की चिरेतलाही रंग धुऊन निघतो. आमच्या डोळ्यांदेखत हे रोज चालते. डेव्हलपर सुकल्यावर १० ते ६० मिनिटांत निर्णय घ्या. स्टेनलेसवर वापरायच्या डब्यांच्या बॅचचे हॅलोजनचे प्रमाणपत्र मागा. आणि डीपीआधी वेल्डवर जोरात ग्राइंडर फिरवू नका, स्टेनलेस मऊ असते आणि चिरेचे तोंड लिंपले जाते.

नोझलच्या फुल पेनिट्रेशन जोडाला सर्वांत महत्त्वाची तपासणी शेवटची नसून मधली असते. बॅक गाउजिंग (मागच्या बाजूने वेल्ड खरवडून काढणे) केल्यावर रूटचे (जोडाच्या मुळाचे) एमटी किंवा डीपी करा, मगच दुसरी बाजू भरा. कार्बन स्टीलच्या नोझलला शेवटी शेलच्या बाजूने किंवा नोझलच्या बोअरमधून यूटीही करता येते.

डोळ्यांनी तपासणी हा विषय धाग्यात आलाच नाही. १००० लक्स उजेड, डोळा ६०० मिमीच्या आत, पाहण्याचा कोन ३० अंशांपेक्षा कमी नाही: एवढे पाळले तर निम्मे रिपेअर रेडिओग्राफीला पोहोचण्याआधीच सापडतात, हा माझा अनुभव.

आणि फिलेटला दुय्यम समजू नका. २७ मार्च १९८० रोजी उत्तर समुद्रात अलेक्झांडर कीलँड ही तरंगती निवासवजा रिग उलटून १२३ माणसे गेली. सुरुवात कुठून झाली, तर एका ब्रेसमध्ये हायड्रोफोनचा आधार बसवण्यासाठी घातलेल्या ६ मिमीच्या फिलेटपासून. तिथल्या जुन्या क्रॅकमध्ये रंग सापडला. म्हणजे रंगकाम होण्याआधीच, शॉपमध्ये असतानाच, तो क्रॅक तिथे होता. बट वेल्डची शंभर टक्के फिल्म काढूनही तो सापडला नसता. पृष्ठभागाच्या साध्या एमटीने सापडण्याची शक्यता होती.

मकरपुरा_शॉप

ग्राहकाला पाठवायचा मसुदा असा केला आहे. कार्बन स्टील: सर्व बट वेल्डना एन्कोडरसह फेज्ड अ‍ॅरे आणि टीओएफडी, नोझलना बॅक गाउजिंगनंतर व शेवटी एमटी आणि यूटी, सर्व फिलेटना एमटी. रिअ‍ॅक्टर: जॅकेट चढवण्याआधी आतल्या शेलच्या सर्व बट वेल्डची एक्स-रे रेडिओग्राफी बंदिस्त एन्क्लोजरमध्ये, नोझल आणि फिलेटना रूटला व शेवटी डीपी, पृष्ठभागाचे तापमान नोंदवून. लीथल सर्व्हिसचा खुलासा लेखी मागितला आहे. काही राहिले असेल तर सांगावे.

साठ_अंशी_प्रोब

मसुदा चांगला आहे. तीन गोष्टी घाला. दोष घातलेला ब्लॉक ३६ मिमीचा आणि आपल्याच बेव्हलचा असावा आणि त्याचा खर्च कोणाचा ते आधीच ठरवा, कारण एजन्सी तो शेवटी आपल्या बिलात टाकते. ३६ मिमीच्या जोडाचे यूटी आणि एमटी वेल्डिंग संपल्यावर ४८ तासांनी करा; हायड्रोजनचा क्रॅक वेल्ड थंड झाल्यानंतरही उशिरा उघडतो आणि संध्याकाळी पास झालेला जोड तिसऱ्या दिवशी फेल होऊ शकतो. आणि टीओएफडीचा वरचा अंध पट्टा भरून काढण्यासाठी बट वेल्डच्या दोन्ही पृष्ठभागांचे एमटी यादीत दिसत नाही, ते जोडा.

जुना_इन्स्पेक्टर

लिफ्टिंग लग, सॅडलचे पॅड आणि फिट-अपसाठी लावून नंतर काढलेल्या क्लीटच्या जागाही एमटीच्या यादीत नावानिशी लिहा. ‘सर्व फिलेट’ म्हटले की काढलेल्या क्लीटच्या जागा कोणी मोजत नाही, कारण तिथे आता फिलेट नसतो.